बारा घरं आणि जमिनीखालचा ओढा

विमानतळावर सोडायला आलेल्या ह्यांनी निरोपाच्या वेळी मला एकच प्रश्न विचारला. "तिकडे मासे मिळतात ना नक्की?" तीन आठवडे दिंडोशीच्या घरात एकटे राहणार होते ते, स्वतःचा चहा स्वतः करणार होते ते, आणि काळजी माझ्या माशांची. माणूस मालवणचा, त्याला काय बोलणार! बरोबर यायला मात्र साफ नकार. "एवढे तास गुडघे दुमडून बसायचं आणि उतरल्यावर कुडकुडायचं, सांगितलंय कोणी?" म्हणून मी एकटीच निघाले. बासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच देशाबाहेर, मुग्धाकडे.

मुग्धा माझी मुलगी. नर्स आहे. आधी लंडनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात होती, दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या पार वायव्येला एका खेड्यात गेली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. गावाचं नाव मी लिहीत नाही. "तू परत गेल्यावर लिहिणार हे मला माहितेय," ती म्हणाली, "पण नाव घालू नकोस गं आई. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात."

इन्व्हरनेस स्टेशनवर ती गाडी घेऊन आली होती. तिथून पुढे अडीच तास. पहिला तासभर रस्ता बरा होता, मग तो इतका अरुंद झाला की समोरून सायकल आली तरी मी श्वास धरायची. अशा रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर 'पासिंग प्लेस' (समोरून गाडी आली की आपली बाजूला घ्यायची जागा) असते. ज्याला ती जवळ, तो थांबतो. दुसरा जाताना हात वर करतो. पहिलाही करतो. हॉर्न नाही, शिवी नाही. मला वाटलं मुग्धाचे सगळेच ओळखीचे आहेत, म्हणून मीही खिडकीतून जोरजोरात हात हलवायला लागले. "आई, एक बोट वर केलं तरी पुरतं," ती म्हणाली. "तू लग्नाच्या वरातीत असल्यासारखी करतेयस."

मे महिना संपत आला होता. डोंगरांवर झाड म्हणून नाही, नुसतं तपकिरी-हिरवं गवत आणि खडक, आणि उतरणीला गॉर्सचं (काटेरी झुडूप, अंगभर पिवळी फुलं) रान माजलेलं. एका वळणावर मुग्धाने गाडी थांबवली आणि म्हणाली, "उतर आणि वास घे." मी वाकून फुलांचा वास घेतला. खोबऱ्याचा वास! ओला नारळ खवताना येतो तसा, अगदी तोच. मी दोन काटे टोचून घेतले पण चार वेळा वास घेतला.

गाव म्हणजे पस्तीस-चाळीस घरं, एक चर्च, एक दुकान, तेच पोस्ट, एक शाळा, एक हॉल आणि पुढ्यात लॉक. लॉक म्हणजे तळं, पण हे समुद्राला जोडलेलं, म्हणून आपण खाडीच म्हणू. मुग्धा भाड्याने राहत होती ते दोन खोल्यांचं घर इनाबाईंच्या परसात. इनाबाई शहात्तर वर्षांच्या, गावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. तिथे कोणी कोणाला बाई म्हणत नाही. त्या मला पहिल्या मिनिटापासून 'शुभांगी' म्हणाल्या, जीभ अडखळत का होईना. मला मात्र त्यांचं नुसतं नाव घेववेना. मनातल्या मनात मी त्यांच्या नावाला 'बाई' जोडलं आणि मग सुटल्यासारखं वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी त्या पातेलं घेऊन आल्या. 'कलन स्किंक' (धुरी दिलेल्या माशाचं सूप). झाकण काढलं तर आत पांढरं. दूध! मासे आणि दूध एकत्र! माझी आई असती तर पातेलं अंगणात नेऊन उलटं केलं असतं. इनाबाई समोर उभ्या, मुग्धा डोळ्यांनी खुणावतेय. मी देवाचं नाव घेऊन चमचा तोंडात घातला. आता खरं सांगते, मी दोन वाट्या खाल्ल्या. घरी फोनवर ह्यांना इतकंच सांगितलं की मासे मिळतात.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंधेरीच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. बाईमाणूस, पण पदाचं नाव ड्राफ्ट्समन. वडील गिरणीत होते, त्यांनी मला आयटीआयला घातलं. ट्रेसर म्हणून लागले. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघ न् रेघ शाईने गिरवायची. पुढे कॉम्प्युटर आला, तोही शिकले. कवितेची वही वाचावी तसा मी नकाशा वाचते.

तिसऱ्या दिवशी मुग्धा कामावर गेली होती आणि मी फिरायला निघाले. पाऊस आला म्हणून हॉलमध्ये शिरले, तर आत टेबलावर नकाशे मांडलेले. चर्चच्या खालच्या शेतात बारा घरं बांधायचा प्रस्ताव होता. गावकऱ्यांनी बघावं, हरकती लिहाव्यात, म्हणून ते आठवडाभर ठेवले होते. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. चष्मा पुसला आणि बसले.

हॉलची किल्ली इनाबाईंकडेच असायची. त्या कम्युनिटी कौन्सिलच्या (ग्रामसभाच म्हणा, फक्त अधिकार हातात नाही, तोंडात) अध्यक्ष होत्या. त्यांनी चहा दिला आणि गोष्ट सांगितली. शाळेत नऊ मुलं उरली होती. पुढच्या वर्षी तीन मोठी मुलं वरच्या शाळेत जाणार, म्हणजे सहा. मग शाळा 'मॉथबॉल' करतील. डांबरगोळ्या घालून कपडे ठेवतात ना, तशी. कागदावर शाळा चालू, दाराला कुलूप. नवी कुटुंबं यायला तयार होती, राहायला घरंच नव्हती.

"ही बारा घरं झाली नाहीत," इनाबाई म्हणाल्या, "तर मी तीस वर्षं ज्या शाळेची घंटा वाजवली ती बंद झालेली मला बघावी लागेल. आणि माझा भाऊ म्हणतो, होऊ देणार नाही."

भाऊ म्हणजे हेक्टर, त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटा. मेंढ्या पाळणारा, एकटा. दोघांची कुंपणं एकमेकांना लागून. प्रस्ताव आल्यापासून दोघं बोलत नव्हती. हेक्टरचं म्हणणं, ते शेत ओलं आहे, तिथे घरं बांधू नयेत. बाकीच्यांचं म्हणणं, हेक्टर मोबाईलच्या टॉवरलाही नाही म्हणाला होता, नव्या जेट्टीलाही नाही म्हणाला होता. त्याला ह्या गावात नवं माणूस नकोच आहे.

मी नकाशाकडे बघत होते. नकाशावर कॉन्टूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असतात. त्या एका जागी डोंगराकडे टोक करून वळल्या की तिथे घळ असते, आणि घळ कुठल्यातरी पाण्यानेच कोरलेली असते. त्या शेतात पाचही रेषा एकाच जागी वळत होत्या. अगदी हलक्या, पण वळत होत्या. तिथे ओढा मात्र काढलेला नव्हता. आणि त्या वळणावर सात, आठ आणि नऊ नंबरची घरं बसवली होती.

"इथे पाणी असायला हवं," मी म्हटलं.

इनाबाईंचा चेहरा बदलला. "हेक्टर भेटला होता का तुम्हाला?"

"नाही हो. मी अजून त्यांना पाहिलंही नाही."

त्यांनी माझा कप उचलला. मी अर्धाच प्यायले होते.

संध्याकाळी मुग्धाला सांगितलं तर ती चमचा खाली ठेवून बघतच राहिली. "आई, प्लीज यार. तू तीन आठवड्यांनी जाशील, मला इथे राहायचंय. इना माझी घरमालकीण आहे आणि हेक्टरच्या पायाचं ड्रेसिंग मी करते. तू मध्ये पडू नकोस." बरोबर होतं तिचं. मी गप्प बसायचं ठरवलं, आणि तीन दिवस बसलेही.

चौथ्या दिवशी हेक्टरच फाटकाशी आला. लाल चेहरा, टोपी, मागे कुत्रा. तो जे बोलला ते इंग्रजी होतं असं मुग्धाने नंतर सांगितलं. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, तिसऱ्यांदाही.

"नर्सची आई नकाशा वाचते म्हणे," तो म्हणाला. दुकानात कोणी बोललं असणार. "मी वाचत नाही. मी शेत दाखवतो. येता?"

मी दाराशी ठेवलेले मुग्धाचे गमबूट घातले आणि गेले. मुग्धा कामावर होती, हे एका परीने बरंच झालं.

चालता चालता एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी मध्येच उभी राहिले. तेहतीस वर्षांत मी किती प्लॉट काढले असतील, पण त्यातल्या एकाही प्लॉटवर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. साईटवर जायचं काम साहेबांचं. मी आपली टेबलाशी. कागदावर पाहिलेली जमीन आज पहिल्यांदाच माझ्या बुटांखाली होती, आणि ती कागदासारखी अजिबात नव्हती. फुगलेली, खचलेली, मेंढ्यांच्या लेंड्यांनी भरलेली.

"इथे," हेक्टर म्हणाला आणि गुडघ्यावर बसला. "कान लावा."

बासष्ट वर्षांची बाई परक्या देशात शेतात ओणवी होऊन जमिनीला कान लावते आहे, हे ह्यांनी पाहिलं असतं तर! पण लावला. आधी काही नाही. मग खूप खालून, भांड्यात पाणी ओतावं तसा आवाज. थांबत नव्हता. हेक्टरच्या आजोबांनी दगडी नळी करून ओढा जमिनीखाली घातला होता, वर गवत वाढवलं होतं. नळी आता जागोजागी ढासळली होती. हिवाळ्यात पाणी वर येतं आणि शेताच्या त्या पट्ट्यात मेंढीसुद्धा बसत नाही.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. माझं कोण ऐकतं?" तो म्हणाला. "नाही म्हणायची सवय होती मला. आता खरं नाही म्हणतोय तर कोणाला फरक कळत नाही."

परत येताना माझा डावा बूट चिखलात रुतला आणि मी पुढे आले, बूट मागेच. मोजा घातलेला पाय हवेत धरून मी उभी, कुत्रा भुंकतोय, आणि हेक्टर बूट उपसताना इतका हसला की तोही घसरून बसला. दोघं चिखलाने माखून गावातून आलो. अर्ध्या तासात सगळ्या गावाला कळलं. मुग्धाला तर तीन पेशंटांनी वेगवेगळं सांगितलं.

ती घरी आली ती दाराशीच थांबली. मी म्हटलं, "ओरड. पण आधी ऐक." मी तिला आवाजाचं सांगितलं. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यात एका पावसाळ्यात छातीएवढं पाणी शिरलं होतं तेव्हा ती सहा वर्षांची होती. शेजारच्या काकूंना आम्ही खिडकीतून बाहेर काढलं होतं. ते तिला आठवलं असावं. "त्या घरांत लहान मुलं राहायला येणार," ती म्हणाली. "बोल तू सभेत. इनाचं मी बघते."

सभा शुक्रवारी संध्याकाळी सातला, बाहेर लख्ख ऊन. हॉलमध्ये पन्नासेक माणसं आणि तरी शांतता, बोलायचं असेल तर हात वर. आपल्या सोसायटीच्या मीटिंगची सवय असलेल्या मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. घरं बांधणाऱ्या कंपनीकडून आलेला माणूस सभ्य होता. त्याने सगळं नीट समजावलं. पाहणीत पाणी आढळलं नाही, असंही सांगितलं. खोटं बोलत नव्हता तो. पाहणी उन्हाळ्यात झाली होती, आणि ओढा कुठल्याही कागदावर नव्हता.

मी हात वर केला. इनाबाई अध्यक्षांच्या खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "आमच्या पाहुण्या."

माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. मी पुढे जाऊन कॉन्टूरवर बोट ठेवलं आणि दाखवलं, ही रेष इथे वळते, हीसुद्धा, हीसुद्धा. मग म्हटलं, "मी तिथे जाऊन ऐकलं. खाली पाणी आहे."

कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे घरं नाहीत. शाळा संपली." एक तरुण आई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, ती उठायलाच निघाली.

"थांबा," मी म्हटलं, मराठीतच. सगळे थांबले. "बटर पेपर आहे का?"

तो शब्द तिथे चालत नाही, पण मुग्धाला कळलं. ती हॉलच्या स्वयंपाकघरात धावली आणि केकच्या भांड्याला खाली लावतात त्या कागदाची गुंडाळी घेऊन आली. मी तुकडा फाडून नकाशावर पसरला. पेन्सिल मागितली. बाराच्या बारा घरं गिरवली, हात आपोआप चालला. मग तो कागद हळूच वर सरकवला, रस्ता ओलांडून, वरच्या बाजूच्या पट्ट्यावर. तिथे रेषा सरळ होत्या. जमीन कोरडी, उतार सौम्य. बाराही घरं बसली. फक्त शेवटच्या दोन घरांची अंगणं आखूड झाली.

कंपनीचा माणूस उठून जवळ आला, वाकून बघत राहिला. "पण हा पट्टा आमचा नाही," तो म्हणाला.

तो पट्टा हेक्टरचा होता. हे मला माहीत नव्हतं, शपथ. सगळी डोकी मागे वळली. हेक्टर शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. मला वाटलं, झालं, वाट लागली. ह्या माणसाने मला मायेने शेत दाखवलं आणि मी भर सभेत त्याच्याच जमिनीवर बारा घरं मांडली.

तो उभा राहिला. "घ्या तो," म्हणाला. "नाहीतरी तिथे धड गवत येत नाही."

"खोटं बोलतोय," इनाबाई खुर्चीतून म्हणाल्या. कितीतरी दिवसांत भावाशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. "अख्ख्या दरीतलं सगळ्यात चांगलं गवत आहे ते. लिहून घ्या."

"कोण सांगतंय! तुला गवतातलं काय कळतं?"

"बाबांनी मला कापायला लावलंय ते, तू झोपला होतास तेव्हा!"

मग दोघं भांडायला लागली, सभेत, सगळ्यांसमोर, हात वर न करता. लोक आधी घाबरले आणि मग हसायला लागले. ती तरुण आई परत बसली. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

सभेनंतर चहा आणि बॅनक (तव्यावर भाजलेली जाडसर ओटची भाकरी) होतं. इनाबाईंनी माझा कप काठोकाठ भरला आणि तो संपेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. हेक्टर दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली हेरिंग मासळी घेऊन आला. ओटाच्या भरडीत घोळवून तळतात ती. आपण बांगडा रव्यात घोळवतो, तसंच. मी हळद-तिखट लावून तळली. त्याने एक खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरी उचलली.

उरलेले दिवस मी खूप भटकले. मिज (डोळ्यांना जेमतेम दिसणारे डास) चावून कानामागे गांधी आल्या, एकदा चुकीच्या बसमध्ये बसून पुढच्या गावी गेले आणि ड्रायव्हरने परतताना मला दारात आणून सोडलं. निघायच्या दिवशी मुग्धा स्टेशनवर म्हणाली, "इना भाडं वाढवणार होती, आता म्हणते आईला परत बोलव." आम्ही दोघी रडलो, पण हसत हसत.

परत येऊन महिना झाला तेव्हा तिचा फोन आला. कंपनीने घरं वरच्या पट्ट्यावर घेऊन नवा नकाशा दिला होता. मंजुरी अजून यायची होती, तिकडेही वेळ लागतोच. पण शाळेच्या कुलपाचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला होता, आणि रविवारी हेक्टर बहिणीकडे जेवायला जाऊ लागला होता.

मला मात्र त्या शेतात मध्येच उभं राहिल्याचं काही केल्या विसरता येईना. एका सकाळी ह्यांना म्हटलं, मी जरा चारकोपला जाऊन येते. नोकरीच्या सुरुवातीला मी तिथल्या एका सोसायटीचे नकाशे ट्रेस केले होते. रिक्षा करून गेले, विचारत विचारत बिल्डिंग शोधली. चार मजले, गुलाबी रंग, बाल्कन्यांत कपडे. कागदावर मी ही शंभर वेळा पाहिली होती. समोर उभी राहून पहिल्यांदाच.

दाराशी पायऱ्या होत्या आणि खालच्या पायरीवर एक आजी भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. दम खात होत्या.

"बरं वाटत नाही का आजी?" मी विचारलं.

"माका काय धाड भरलीहा!" आजी म्हणाल्या. माझ्याच मुलखाच्या निघाल्या. "ह्यो पायऱ्यो बघ गो. एकेक केवढी उंच! दर दिसा हय बसूचा लागता. खंयच्या मेल्यान काढल्यान, देवाक म्हायत!"

मी पायऱ्या बघितल्या. मला आठवलं. पुढे जागा कमी पडत होती. साहेब म्हणाले, दोन पायऱ्या कमी कर, बाकीच्यांची उंची वाढव. मी खोडरबराने पुसून पाच मिनिटांत नव्या रेघा मारल्या होत्या आणि डबा खायला गेले होते.

"आजी," मी म्हटलं, "त्यो मियाच काढलंय."

आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि सरकून शेजारी जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि आता सांग, ह्येंची उंची कमी कशी करूची?"